तक्रार जाते एकाच टेबलावर: अमेरिकी फेडरल कोर्टांचा कारभार कुठे दुरुस्त करायचा

अमेरिकेतल्या न्यायाधीशांना शिस्त कशी लावावी हा विषय निघाला की गाडी थेट सुप्रीम कोर्टावर जाऊन थांबते. अठरा वर्षांची मुदत घाला, न्यायमूर्तींची संख्या वाढवा, कोण कुणाच्या विमानातून फिरायला गेलं ते तपासा. त्या नऊ जणांवर भरपूर लिहून झालंय. पण घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाखाली तहहयात नेमणुकीची पदं सुमारे ८७० आहेत. सामान्य माणसाची फेडरल कोर्टाशी गाठ पडते ती बाकीच्या ८६० जणांपैकी कुणाशी तरी. त्यांच्यावर देखरेख कोण ठेवतं आणि ती कुठे अडते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नियम पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेच चांगले आहेत. पण ते राबवण्याचं काम प्रत्येक सर्किटमध्ये, म्हणजे एका अपील कोर्टाच्या हद्दीत, एकाच टेबलावर येऊन पडतं. ते टेबल म्हणजे सर्किटचा चीफ जज. तो तिथे कसा पोचतो आणि त्याला कुणाची चौकशी करावी लागते हे पाहिलं की निम्मे दोष समजतात.

थोडी रचना आधी. १९३९ पर्यंत फेडरल कोर्टांचा पैसा, कर्मचारी आणि कागदपेन्सिल हे सगळं न्याय खातं बघत असे. म्हणजे ज्या सरकारचे सगळ्यात जास्त खटले कोर्टात, तेच सरकार कोर्टाचं भांडार सांभाळणार. त्या वर्षीच्या कायद्याने अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिस काढून हा कारभार न्यायव्यवस्थेकडे दिला आणि प्रत्येक सर्किटला एक ज्युडिशिअल कौन्सिल, म्हणजे तिथल्याच न्यायाधीशांचं मंडळ, दिलं. त्याआधी १९२२ साली चीफ जस्टिस विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांच्या पुढाकाराने वरिष्ठ न्यायाधीशांची परिषद सुरू झाली होती. तिचंच नाव १९४८ पासून ज्युडिशिअल कॉन्फरन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स. अध्यक्ष चीफ जस्टिस. सदस्य २६: तेरा सर्किटांचे चीफ जज, बारा प्रादेशिक सर्किटांतून प्रत्येकी एक डिस्ट्रिक्ट जज (खटले पहिल्यांदा चालतात त्या खालच्या कोर्टाचा) आणि कोर्ट ऑफ इंटरनॅशनल ट्रेडचा चीफ जज. वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरमध्ये बैठक होते. दार बंद असतं, नंतर अहवाल निघतो.

या कॉन्फरन्सबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. वर्तमानपत्रं तिला ‘धोरण ठरवणारी सर्वोच्च संस्था’ म्हणतात आणि वाचक समजतो की तिचा हुकूम खाली चालतो. कायद्याच्या भाषेत ती बहुतेक बाबतींत कोर्टांना सूचना आणि शिफारशी करते. बंधनकारक आदेश काढण्याचा व्यापक अधिकार आहे तो सर्किटच्या ज्युडिशिअल कौन्सिलला, विधिसंहितेच्या २८ व्या शीर्षकातल्या कलम ३३२ खाली. आणि कौन्सिलचा अध्यक्ष कोण? चीफ जज.

आता हा चीफ जज निवडतात कसा? निवडत नाहीत. ६५ वर्षांखालच्या, किमान एक वर्ष काम केलेल्या, सेवेत असलेल्या न्यायाधीशांपैकी जो सर्वांत ज्येष्ठ, तो आपसूक चीफ होतो. मुदत सात वर्षं, आणि सत्तरीनंतर राहता येत नाही. माणसं सांभाळण्याचा, हिशेब बघण्याचा, चौकशी चालवण्याचा अनुभव कुणी विचारत नाही. वशिलेबाजी टळते हा या पद्धतीचा फायदा आहे आणि तो खरा आहे. पण तक्रार हाताळण्याची जबाबदारी अशा माणसावर येते, ज्याचं चेंबर कधीकधी त्याच मजल्यावर असतं, जिथे तक्रार झालेला न्यायाधीश बसतो.

तक्रारीची पद्धत १९८० च्या ज्युडिशिअल कंडक्ट अँड डिसॅबिलिटी अ‍ॅक्टमध्ये आहे, त्याच २८ व्या शीर्षकात कलम ३५१ ते ३६४. तक्रार कोणीही करू शकतो. पक्षकार असायला हवं असं नाही, वकील लागत नाही, फी नाही, मुदतीची मर्यादा नाही. खोटं सांगितल्यास शिक्षेस पात्र राहीन अशा प्रतिज्ञेवर सही करून सर्किटच्या अपील कोर्टाच्या क्लार्ककडे कागद द्यायचा. तक्रार डिस्ट्रिक्ट, अपील, बँकरप्सी किंवा मॅजिस्ट्रेट जजविरुद्ध चालते. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती या कायद्यात येत नाहीत आणि कोर्टाचे कर्मचारीही येत नाहीत.

कागद चीफ जजकडे जातो आणि तिथेच बहुतेक तक्रारींचा शेवट होतो. देशभरात दरवर्षी हजाराच्या वर तक्रारी येतात. त्यातल्या बहुसंख्य खटला हरलेल्या पक्षकारांच्या किंवा कैद्यांच्या असतात आणि ‘न्यायाधीशाने चुकीचा निकाल दिला’ एवढंच त्यांचं सार असतं. निकालाच्या गुणदोषांशी थेट संबंधित तक्रार फेटाळण्याचा अधिकार कायदाच चीफ जजला देतो आणि ते योग्यही आहे. निकाल आवडला नाही म्हणून न्यायाधीशाची चौकशी लागायला लागली तर अपिलाला अर्थ काय उरला? म्हणून ‘इतक्या तक्रारींपैकी इतक्याच कमी टिकल्या’ हा आकडा फेकून व्यवस्था सडली आहे असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्या आकड्यातून काहीच सिद्ध होत नाही.

खरी गडबड कुठे होते ते २००६ साली समजलं. न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जुन्या फायली काढून तपासल्या. एकूणात काम ठीक निघालं, हाताळणीतल्या चुकांचं प्रमाण तीन-साडेतीन टक्के. पण ज्या तक्रारींचा गाजावाजा झाला होता अशा १७ पैकी ५ चुकीच्या पद्धतीने हाताळल्या गेल्या होत्या. म्हणजे साधी प्रकरणं नीट आणि लोकांचं लक्ष असलेली प्रकरणं बिघडलेली. कारणही अहवालात दिसतं. जिथे वस्तुस्थितीबद्दलच वाद आहे तिथे चीफ जजने विशेष समिती नेमायला हवी. त्याऐवजी संबंधित न्यायाधीशाचं उत्तर ऐकून, कधी जुजबी विचारपूस करून फाईल मिटवली जाते. आपलेच दात, आपलेच ओठ. त्या अहवालानंतर २००८ मध्ये सगळ्या सर्किटांसाठी एकच नियमावली आली आणि कॉन्फरन्सच्या समितीला विषय नीट बघायला मिळाला. पण टेबल तेच राहिलं.

पुढची पायरी अशी. तक्रार फेटाळली नाही तर चीफ जज विशेष समिती नेमतो: तो स्वतः आणि सारख्याच संख्येने अपील व डिस्ट्रिक्ट न्यायाधीश. समितीला साक्षीदार बोलावता येतात, समन्स काढता येतं. अहवाल कौन्सिलकडे जातो. कौन्सिल नवी प्रकरणं देणं ठराविक काळ थांबवू शकतं, खासगीत किंवा जाहीर ठपका ठेवू शकतं, ‘निवृत्त व्हा’ अशी विनंती करू शकतं. तहहयात न्यायाधीशाला काढू मात्र शकत नाही. ते फक्त महाभियोगाने होतं आणि आजवर १५ फेडरल न्यायाधीशांवर महाभियोग चालला, त्यात ८ दोषी ठरून पदावरून गेले. हॅरी क्लेबॉर्न यांना करचुकवेगिरीसाठी तुरुंगवास झाला तरी ते पद सोडेनात आणि १९८६ मध्ये सेनेटने काढेपर्यंत तुरुंगात बसून पगार घेत राहिले. हा अपवाद वाटतो, पण पगार कमी करता येत नाही या घटनेच्या तरतुदीचा तो सरळ परिणाम आहे.

चीफ जजने फेटाळलेल्या तक्रारीवर ४२ दिवसांत कौन्सिलकडे फेरविचार मागता येतो. आणि फेटाळणीचा आदेश प्रसिद्ध होतो तेव्हा त्यात न्यायाधीशाचं नाव नसतं. एकाच न्यायाधीशाविरुद्ध वेगवेगळ्या लोकांनी पाच वर्षांत चार तक्रारी केल्या तर बाहेरच्याला ते कळायची सोयच नाही. कळतं ते फक्त त्या टेबलावर. नाव जाहीर करा असं मी म्हणत नाही, खोट्या तक्रारीही असतात. पण प्रत्येक न्यायाधीशाला एक कायमचा सांकेतिक क्रमांक देऊन आदेश छापले तर वारंवारता दिसेल आणि बदनामीही होणार नाही. खर्च जवळपास शून्य.

सगळ्यात मोठं भोक मात्र वेगळंच आहे: निवृत्ती. कायदा म्हणतो की मधल्या काळात अशी काही घटना घडली की तक्रारीवर कारवाईची गरज उरली नाही, तर चीफ जज प्रकरण बंद करू शकतो. न्यायाधीशाने पद सोडलं की ही ‘घटना’ घडली असं मानण्याची रूढी पडली आहे. नवव्या सर्किटचे अ‍ॅलेक्स कोझिन्स्की यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप डिसेंबर २०१७ मध्ये छापून आले, चौकशी क्रमांक दोनच्या सर्किटकडे सोपवली गेली, त्यांनी त्याच महिन्यात निवृत्ती घेतली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये दुसऱ्या सर्किटच्या कौन्सिलने अधिकार उरला नाही म्हणून फाईल बंद केली. काय घडलं, कोणाला माहीत होतं, कोणी डोळेझाक केली, यावर एक ओळ निष्कर्ष नाही. २०१९ मध्ये अपील कोर्टाच्या न्यायाधीश आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्या भगिनी मेरीअ‍ॅन ट्रम्प बॅरी यांच्या बाबतीतही निवृत्तीबरोबर चौकशी संपली. बढतीनेही हेच होतं. ब्रेट कॅव्हनॉ यांच्याविरुद्धच्या ८३ तक्रारी दहाव्या सर्किटने डिसेंबर २०१८ मध्ये फेटाळल्या, कारण तोवर ते सुप्रीम कोर्टात पोचले होते आणि तिथे हा कायदा पोचत नाही.

इथे पेन्शनचं गणित समजून घ्यायला हवं. पासष्टाव्या वर्षी पंधरा वर्षं सेवा, किंवा त्यापुढे वय आणि सेवा मिळून ऐंशी भरले की न्यायाधीश शेवटच्या पगाराइतकी रक्कम आयुष्यभर घेऊन निवृत्त होऊ शकतो. ऐंशी भरायच्या आत राजीनामा दिला तर ते मिळत नाही. म्हणून ज्याचे ऐंशी भरलेत त्याला चौकशी टाळायला काहीच किंमत मोजावी लागत नाही.

वेळ महत्त्वाची आहे हे दोन प्रकरणांवरून दिसतं. अलाबामातले मार्क फुलर यांना ऑगस्ट २०१४ मध्ये पत्नीला मारहाण केल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्यांची प्रकरणं काढून घेतली, पगार चालू राहिला, वर्षभराने त्यांनी राजीनामा दिला. अलास्कातले जोशुआ किंड्रेड यांनी जुलै २०२४ मध्ये राजीनामा दिला. दोघांच्याही बाबतीत कौन्सिलचे निष्कर्ष आधी तयार झाले होते, त्यामुळे राजीनाम्यानंतरही ज्युडिशिअल कॉन्फरन्सने महाभियोगाचा विचार व्हावा म्हणून प्रकरण प्रतिनिधीगृहाकडे धाडलं. निष्कर्ष आधी आला तर फाईल पुढे सरकते, निवृत्ती आधी आली तर बंद होते. चाणाक्ष वकील आपल्या अशिलाला काय सल्ला देईल ते उघड आहे.

दुरुस्ती कायद्याची वाट न बघताही होऊ शकते. कायद्याचे शब्द ‘कारवाई आवश्यक उरली नाही’ असे आहेत. ‘आरोप गंभीर असतील आणि कोर्टाचे कर्मचारी त्यात बाधित असतील तर वस्तुस्थितीचा निष्कर्ष लिहिणं आवश्यकच समजावं’ असं तक्रारींच्या नियमावलीतल्या नियम ११ मध्ये घालायला कॉन्फरन्सला कोणी अडवलेलं नाही. शिक्षा देता येणार नाही, पण नोंद राहील.

दुसरी दुरुस्ती नियम २६ ची. अपवादात्मक परिस्थितीत चीफ जस्टिस तक्रार वेगळ्या सर्किटच्या कौन्सिलकडे पाठवू शकतात, पण मूळ सर्किटने मागितलं तर. पॉलीन न्यूमन यांचं प्रकरण बघा. जन्म १९२७, फेडरल सर्किटवर, म्हणजे पेटंटसारख्या विषयांची देशभरची अपिलं ऐकणाऱ्या कोर्टावर, १९८४ पासून. त्यांच्या कार्यक्षमतेबद्दल २०२३ मध्ये प्रश्न उठला तो त्यांच्याच कोर्टाच्या चीफ जजने उपस्थित केला. विशेष समितीतही त्याच चीफ जज. प्रकरण बाहेरच्या सर्किटकडे द्या ही न्यूमन यांची मागणी नाकारली गेली. त्यांनी वैद्यकीय तपासण्यांना नकार दिला, आणि सहकार्य केलं नाही या कारणावरून सप्टेंबर २०२३ मध्ये नवी प्रकरणं थांबवली, पुढे दरवर्षी मुदत वाढत गेली. न्यूमन यांची प्रकृती कशी आहे यावर मी काही बोलणार नाही. पण तक्रार उभी करणारा, साक्षीदार असू शकणारा आणि निवाडा करणारा एकाच दालनात बसले की निष्कर्ष बरोबर असला तरी त्यावर कोणाचा विश्वास बसेल? विशेष समिती नेमायची वेळ आली की प्रकरण आपोआप बाहेरच्या सर्किटकडे जाईल, असा सरळ नियम हवा. प्रवासखर्च वाढेल, तो सोसावा.

कर्मचाऱ्यांबद्दल थोडक्यात. फेडरल कोर्टांत तीस हजारांच्या आसपास लोक काम करतात आणि नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा १९६४ च्या कायद्याचा सातवा भाग त्यांना लागू नाही. त्यांच्यासाठी कोर्टांची अंतर्गत तक्रार योजना आहे: नाव न घेता सल्ला, मध्यस्थी, किंवा १८० दिवसांत औपचारिक तक्रार. कागदावर ठीक. पण लॉ क्लार्कची, म्हणजे न्यायाधीशाच्या हाताखालच्या तरुण कायदेपदवीधराची, नोकरी वर्षा-दोन वर्षांची, त्याच्या पुढच्या सगळ्या नोकऱ्या त्या एका न्यायाधीशाच्या शिफारशीवर, आणि तक्रार सुनावणीला बसणारा दुसरा न्यायाधीश बहुधा त्याच कोर्टातला. २०१९ च्या दुरुस्तीने सूड उगवणं हेही गैरवर्तन ठरलं आणि गोपनीयतेच्या नावाखाली तोंड बंद करता येणार नाही असं स्पष्ट झालं. चांगलं झालं. सातव्या भागाचं संरक्षण देणारं विधेयक २०२१ मध्ये आलं आणि तिथेच राहिलं.

आता शेअर्सकडे. हा विषय रूक्ष आहे, पण इथली दुरुस्ती सगळ्यात सोपी आहे म्हणून थोडा थांबतो. कलम ४५५ म्हणतं की खटल्यातल्या पक्षकारात न्यायाधीशाचा, त्याच्या जोडीदाराचा किंवा घरातल्या अज्ञान मुलाचा आर्थिक हितसंबंध असेल, मग तो कितीही लहान असो, त्याने बाजूला व्हायचं. एक शेअर असला तरी. पक्षकारांची संमती घेऊनही राहता येत नाही. म्युच्युअल फंड मात्र चालतो, जर फंडाच्या व्यवस्थापनात न्यायाधीशाचा हात नसेल. इतका स्वच्छ नियम. तरी वॉल स्ट्रीट जर्नलने सप्टेंबर २०२१ मध्ये दाखवून दिलं की २०१० पासून १३१ न्यायाधीशांनी ६८५ खटले असे ऐकले, ज्यात त्यांचे किंवा घरच्यांचे शेअर्स होते.

हे सगळे लबाड होते का? मला तसं वाटत नाही. यंत्र कसं चालतं ते बघा. न्यायाधीशाचं चेंबर त्याच्या शेअर्सची यादी कोर्टाच्या संगणकप्रणालीत भरतं. नवा खटला आला की प्रणाली पक्षकारांची नावं यादीशी ताडून बघते. चूक चार ठिकाणी होते. यादीत मूळ कंपनीचं नाव असतं आणि खटल्यात तिच्या उपकंपनीचं. नावाचं संक्षिप्त रूप किंवा स्पेलिंग जुळत नाही. दलालाकडे सोपवलेल्या खात्यात दर आठवड्याला खरेदी-विक्री होते आणि चेंबरची यादी सहा महिने जुनी राहते. आणि खटला चालू असताना नवा पक्षकार जोडला जातो, तेव्हा पुन्हा ताडून बघायला कोणी बसत नाही. पहिल्या चुकीवर उपाय म्हणून दिवाणी कार्यपद्धतीचा नियम ७.१ आहे: प्रत्येक कंपनीने आपली मूळ कंपनी आणि १० टक्के किंवा जास्त शेअर्स असलेली कोणतीही शेअरबाजारातली कंपनी जाहीर करायची. पण ते निवेदन कागद म्हणून फायलीत लागतं. त्यातली नावं कोणीतरी हाताने प्रणालीत टाकल्याशिवाय ती ताडली जात नाहीत. शिवाय ‘खातं दलाल बघतो, मला ठाऊक नव्हतं’ ही सबब कायद्याला मान्य नाही. आपले आर्थिक संबंध माहीत करून घेणं हे न्यायाधीशाचंच काम, असं त्याच कलमात लिहिलंय.

मे २०२२ मध्ये कोर्टहाऊस एथिक्स अँड ट्रान्सपरन्सी अ‍ॅक्ट झाला. आता १,००० डॉलरवरच्या शेअर व्यवहाराची माहिती ४५ दिवसांत द्यावी लागते आणि संपत्तीची विवरणं ९० दिवसांत इंटरनेटवर शोधता येतील अशी टाकावी लागतात. आधी हीच विवरणं अर्ज करून, वाट बघून मिळत. सुरक्षेच्या कारणाने काही मजकूर झाकावा लागतो आणि त्यात वेळ जातो हे मान्य. तरीही हा उपाय रोग झाल्यावर निदान करणारा आहे. सुटे शेअर्स ठेवायलाच बंदी घाला, इंडेक्स फंड ठेवा, विषय संपला. ‘विकले तर भांडवली नफ्यावर कर बसेल’ ही हरकत येते. त्यावर सोय आहे: हितसंबंध टाळण्यासाठी विक्री केल्याचं प्रमाणपत्र घेऊन रक्कम मान्य फंडात गुंतवली तर कर पुढे ढकलता येतो, आणि २००६ पासून ही सवलत फेडरल न्यायाधीशांनाही आहे.

खटला कोणाकडे जाणार, हा प्रशासनाचा विषय वाटतो, पण निकाल तिथेच ठरू शकतो. कलम १३७ नुसार प्रत्येक डिस्ट्रिक्ट कोर्ट कामवाटपाचे नियम स्वतः करतं. मोठ्या डिस्ट्रिक्टचे विभाग असतात आणि काही विभागात एकच न्यायाधीश. उत्तर टेक्सासच्या सात विभागांपैकी अमरिलोत दावा दाखल केला की तो मॅथ्यू कॅक्समॅरिक यांच्याकडे जाणार हे वकिलाला आधीच माहीत. दाव्याची फी ४०५ डॉलर, बदल्यात न्यायाधीश आपल्या पसंतीचा, आणि जून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मर्यादा घालेपर्यंत मनाई हुकूमही देशभर लागू होत असे. एप्रिल २०२३ मध्ये मिफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या औषधाच्या मंजुरीविरुद्धचा आदेश तिथूनच निघाला. वेकोमध्ये हेच पेटंटच्या खटल्यांचं झालं. अ‍ॅलन ऑल्ब्राइट यांनी पेटंटवाल्यांना खुलं आमंत्रण दिलं आणि २०२१ मध्ये देशातले जवळपास पाव पेटंट खटले त्या एका दालनात गोळा झाले. २५ जुलै २०२२ ला पश्चिम टेक्सासचे चीफ जज ऑर्लँडो गार्सिया यांनी वेकोतले नवे पेटंट खटले बारा न्यायाधीशांत सोडतीने वाटायचा आदेश काढला. तिथला ओघ झपाट्याने आटला. कायदा बदलावा लागला नाही, काँग्रेस लागली नाही.

अमरिलोत तसं घडलं नाही. मार्च २०२४ मध्ये ज्युडिशिअल कॉन्फरन्सने धोरण जाहीर केलं की राज्याचा किंवा केंद्राचा कायदा रोखायला मागणारे दिवाणी दावे त्या संपूर्ण डिस्ट्रिक्टच्या न्यायाधीशांत सोडतीने वाटावेत. त्याच महिन्याअखेर उत्तर टेक्सासच्या चीफ जजनी सेनेटमधल्या बहुमताच्या नेत्याला कळवलं की आमच्या न्यायाधीशांची वाटप बदलण्यावर सहमती झाली नाही. विषय मिटला. आता वर सांगितलेलं कलम ३३२ आठवा. पाचव्या सर्किटचं कौन्सिल ‘परिणामकारक आणि जलद न्यायदानासाठी’ लागेल तो आदेश काढू शकतं आणि तो सर्किटमधल्या सगळ्या न्यायाधीशांवर बंधनकारक असतो. किल्ली तिथे आहे. वॉशिंग्टनमध्ये पत्रकार परिषदा घेणाऱ्यांपैकी फार थोडे त्या दिशेला बोट दाखवतात.

आणि ही एका पक्षाची खोड नाही. सरकार बदललं की फक्त गावं बदलतात: दावे टेक्सासऐवजी बोस्टन, सान फ्रान्सिस्को, सिएटलला जमतात. फरक एवढा की तिथे अनेक न्यायाधीशांत सोडत निघते. विशिष्ट न्यायाधीश निवडता येत नाही, वातावरण निवडता येतं.

‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ ही म्हण अमेरिकेत कायद्यात उतरली आहे असं गमतीने म्हणता येईल. १९९० च्या सिव्हिल जस्टिस रिफॉर्म अ‍ॅक्टप्रमाणे वर्षातून दोनदा, ३१ मार्च आणि ३० सप्टेंबरच्या स्थितीनुसार, प्रत्येक न्यायाधीशाच्या नावासह यादी निघते: सहा महिन्यांवर पडून असलेले अर्ज, सुनावणी पूर्ण होऊनही सहा महिन्यांत निकाल न झालेले खटले, तीन वर्षांवरचे दिवाणी दावे. शिक्षा काहीच नाही, फक्त नाव छापून येतं. आणि तेवढ्याने काम होतं! मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निकालांची रीघ लागते. तहहयात माणसाला पगाराची किंवा बदलीची भीती नसते, पण सहकाऱ्यांपुढे लाज असते.

त्यात पळवाटाही निघाल्या. ‘पुन्हा दाखल करण्याची मुभा ठेवून फेटाळला’ असा शेरा मारला की अर्ज यादीतून गायब, पुढच्या महिन्यात नव्या तारखेने पुन्हा हजर. शिवाय ऑक्टोबरमध्ये आलेला अर्ज आणि मार्चमध्ये आलेला अर्ज यांना मिळणारा खरा वेळ वेगवेगळा. ठराविक दोन तारखांऐवजी प्रत्येक अर्जाचं घड्याळ त्याच्या दाखल तारखेपासून चालावं आणि पुन्हा दाखल झालेल्याला मूळ तारीखच लावावी. माहिती प्रणालीत आधीच आहे, छापायची पद्धत बदलायची. अर्थात उशिराचं खापर सगळं न्यायाधीशांवर फोडणंही बरं नाही. न्यायाधीशांची पदं मोठ्या प्रमाणावर वाढवणारा शेवटचा कायदा १९९० चा. त्यानंतर कामाचा बोजा वाढत गेला, आणि ६३ कायम पदं वाढवणारं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊनही डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी नाकारलं, कारण पहिल्या नेमणुका कोण करणार यावर गाडं अडलं.

सुप्रीम कोर्टाबद्दल एवढंच. १३ नोव्हेंबर २०२३ ला नऊ जणांनी सही केलेली आचारसंहिता आली, पण ती मोडली तर काय, हे तिच्यात नाही. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी जुलै २०२४ मध्ये सुचवलं की खालच्या कोर्टांतल्या अनुभवी न्यायाधीशांची समिती चीफ जस्टिसनी नेमावी. मला हा मार्ग व्यवहार्य वाटतो. काँग्रेसने बाहेरून बसवलेली समिती पहिल्याच दिवशी अधिकारविभागणीच्या वादात सापडेल, आणि तो वाद ऐकणार कोण, तर हेच नऊ जण.

बाहेरचा हिशेबनीस हवा का, हाही प्रश्न जुना आहे. सरकारी खात्यांत १९७८ पासून इन्स्पेक्टर जनरल आहेत, कोर्टांत नाहीत. सेनेटर चक ग्रासली अनेक वर्षं तसं विधेयक मांडत आलेत. निकालांना हात न लावता पैसा, खरेदी आणि संगणक एवढंच बघणारा अधिकारी असेल तर स्वातंत्र्याला धक्का लागतो हे मला पटत नाही. पेसर या कागदपत्रांच्या प्रणालीचं उदाहरण पुरेसं आहे. पानाला १० सेंट, एका कागदपत्राला कमाल ३ डॉलर, तिमाहीत ३० डॉलरपर्यंत माफ. ही फी काही प्रमाणात भलत्या कामांवर खर्च झाली असं फेडरल सर्किटने २०२० मध्ये ठरवलं आणि शेवटी १२.५ कोटी डॉलरची तडजोड २०२४ मध्ये मंजूर झाली. ही गोष्ट वापरणाऱ्यांनी दावा लावला तेव्हा उघड झाली. आतल्या तपासणीत ती आधीच निघायला हवी होती.

ज्यांना यात प्रत्यक्ष हात घालायचा आहे त्यांच्यासाठी एक रस्ता उघडा आहे. तक्रारींच्या नियमावलीत बदल करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करून लोकांची मतं मागवणं कलम ३५८ ने बंधनकारक केलंय. २०१९ ची दुरुस्ती याच वाटेने आली आणि माजी लॉ क्लार्क मंडळींनी त्यात लेखी मतं दिली होती. पुढचा मसुदा येईल तेव्हा ‘न्यायव्यवस्था सुधारा’ असं मोघम लिहून उपयोग नाही. नियम ११ मधला निवृत्तीचा भाग, नियम २४ मधली नावाची गुप्तता आणि नियम २६ मधली बदली, या तिन्हींवर नेमका पर्यायी मजकूर लिहून पाठवावा. समितीला तयार वाक्य मिळालं की त्यावर हो किंवा नाही म्हणावं लागतं.